अनाथ नोंदी आणि त्यांचे पालक

ज्या शाळेस जुनें ग्रंथालय आहे, त्या शाळेंत पुस्तकांची दाखल-नोंदवही असतेच. तींत अनुक्रमांक, तारीख, ग्रंथकार, पुस्तकाचें नांव, प्रकाशक, किंमत असे रकाने आखलेले असतात, आणि वर्षानुवर्षें निरनिराळ्या हातांनीं व निरनिराळ्या शाईनें ते भरलेले असतात. हल्लीं अशा वह्या संगणकांत उतरवून घेण्याचें काम ठिकठिकाणीं चाललें आहे. तें बहुधा ग्रंथपाल, एखादे उत्साही शिक्षक व वरच्या वर्गांतील चार विद्यार्थी मिळून करितात. या कामांत एक अडचण हटकून येते. ती दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु तिचा निकाल कसा लावला यावर, मागाहून शोधूं येणाऱ्या वाचकास पुस्तक सांपडणार कीं नाहीं, हें ठरतें. तिचाच विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कागदाच्या वहींत एकाच ग्रंथकाराचीं तीस पुस्तकें असलीं, तर त्याचें नांव तीस वेळां लिहावें लागतें, व तीस वेळां लिहितांना तें पांचसहा तऱ्हांनीं लिहिलें जातें. संगणकाच्या नोंदकोशांत, ज्यास सर्वत्र डेटाबेस म्हणतात त्यांत, असें करीत नाहींत. तेथें ग्रंथकारांचा एक तक्ता असतो व पुस्तकांचा दुसरा. ग्रंथकाराचें नांव, जन्मसाल वगैरे मजकूर पहिल्या तक्त्यांत एकदांच लिहावयाचा, त्या नोंदीस एक क्रमांक द्यावयाचा, आणि पुस्तकाच्या नोंदींत नांवाऐवजीं तो क्रमांक ठेवावयाचा. मग नांवांत कांहीं चूक आढळलीच, तर ती एके ठिकाणीं सुधारली कीं तीसही पुस्तकांपुढें सुधारते. माहिती अशी परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडावी, हा विचार आयबीएम कंपनींतील एडगर कॉड या संशोधकानें १९७० सालीं एका निबंधांत मांडला. या क्षेत्रांतील कार्याबद्दल त्यास १९८१ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें. बँकेंतील खातीं म्हणा, शाळेची हजेरी म्हणा, आज बहुतेक हिशेब याच मांडणीवर चालतात.

ज्या नोंदीवर दुसऱ्या नोंदी अवलंबून असतात, तिला शाळेच्या भाषेंत आपण पालक-नोंद म्हणूं, आणि अवलंबून असणारीस पाल्य-नोंद. ग्रंथकार हा पालक, पुस्तक हें पाल्य. एका पालकाचीं पाल्यें कितीही असूं शकतात. परंतु पाल्यानें ज्या पालकाचा क्रमांक सांगितला, तो पालक तक्त्यांत खरोखर असला पाहिजे. तो नसला तर ती नोंद अनाथ झाली. पुस्तक कपाटांत आहे, सूचींतही आहे, पण ग्रंथकाराच्या नांवावरून शोधणाऱ्यास तें कधींच दिसणार नाहीं, अशी तिची स्थिति होते.

आतां अडचण कोठें येते तें पाहूं. दाखल-नोंदवही ही पुस्तकांची वही आहे. ग्रंथकारांची स्वतंत्र वही सहसा कोणीं ठेविलेली नसते. म्हणजे पाल्यांची लांबलचक यादी हातांत आहे, आणि पालकांची यादी मुळींच नाहीं! अशा वेळीं नोंदकोश काय करितो, हें त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ॲक्सेस नांवाचा नोंदकोश १९९२ सालापासून वापरांत आहे. त्यांत दोन तक्त्यांमधील नातें पक्कें करून ठेविलें, तर तो पालक नसलेल्या पाल्यास आंत घेण्याचें साफ नाकारतो. हा त्याचा कडकपणा चांगलाच आहे. मात्र त्यास एक पळवाट आहे. पालकाचा रकाना कोराच सोडला, तर तो कांहीं तक्रार करीत नाहीं; कारण चुकीचा क्रमांक सांगणें हा त्याच्या लेखीं अपराध आहे, कांहींच न सांगणें हा नव्हे. थकलेला नोंद-करणारा ही वाट लवकर शोधून काढतो. यासाठीं तो रकाना सक्तीचा करून ठेवणें अवश्य आहे.

असा नकार शंभर वेळां आला कीं मनुष्य कंटाळतो. प्रत्येक पुस्तकागणिक काम थांबवावें, ग्रंथकारांचा तक्ता उघडावा, तेथें नांव लिहावें, परत यावें, हें किती दिवस चालणार? मग साहजिकच असें मनांत येतें कीं, जो पालक नसेल तो यंत्रानेंच निर्माण करावा. 'लो-कोड' म्हणून जीं साधनें आज मिळतात, त्यांत ही सोय करून घेणें अवघड नाहीं. ज्यांत संगणकाची भाषा फारशी न लिहितां, तक्ते आखून व तयार पायऱ्या एकापुढें एक मांडून काम भागवितां येतें, अशीं हीं साधनें होत. ॲक्सेस हें त्यांतलें जुनें. २०१५ सालीं लोकांपुढें आलेलें एअरटेबल हें नवें.

या पायऱ्यांचा क्रम कोणत्याही साधनांत एकच असतो. पुस्तकाची नवी नोंद आली कीं यंत्र जागें होतें. त्या नोंदींतील ग्रंथकाराचें नांव घेऊन तें ग्रंथकारांच्या तक्त्यांत शोधतें. सांपडलें, तर त्या नोंदीशीं पुस्तकाची गांठ घालून देतें. न सांपडलें, तर त्या नांवाची नवी नोंद उत्पन्न करितें, आणि मग गांठ घालतें. याखेरीज यांत दुसरें कांहीं नाहीं.

रोज दोनचार नवीं पुस्तकें येत असतील, तर ही रीति पुरेशी आहे. परंतु पांच हजार पुस्तकांची जुनी वही एकदम आंत घालावयाची असेल, तर एकेका नोंदीमागें यंत्रास जागें करण्यापेक्षां घाऊक रीति बरी, असें आमचें मत आहे. सगळी वही जशीच्या तशी एका तात्पुरत्या तक्त्यांत उतरावी. तींतून ग्रंथकारांचीं नांवें प्रत्येकीं एकदांच वेगळीं काढावीं. त्यांपैकीं ग्रंथकारांच्या तक्त्यांत जीं नाहींत तेवढीं निवडावीं. न जुळणाऱ्या नोंदी शोधून देणारी तयार सोय ॲक्सेसमध्यें आहे. तीं नांवें ग्रंथकारांच्या तक्त्यांत घालावीं आणि त्यानंतर पुस्तकें घालावीं. पालक आधीं व पाल्य मागून, हा क्रम मोडतां कामा नये. या रीतीचा मोठा गुण असा कीं, नवे पालक निर्माण होण्यापूर्वीं त्यांची सबंध यादी वर्णानुक्रमानें डोळ्यांपुढें येते, आणि 'आपटे ह. ना.', 'आपटे ह.ना.' व 'आपटे हरि नारायण' हीं तीन नांवें एकाखालीं एक उभीं राहिलेलीं दिसतात.

येथें आपण मुख्य मुद्द्याशीं आलों. यंत्र जेव्हां 'सांपडलें नाहीं' म्हणतें, तेव्हां त्याचा अर्थ इतकाच कीं, अक्षरशः तसें लेखन त्या तक्त्यांत नाहीं. तो ग्रंथकार तेथें नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे. पालक नसणें निराळें आणि पालक ओळखतां न येणें निराळें. यंत्रास हा भेद कळत नाहीं, आणि म्हणून तें ज्यास अनाथ समजून नवा पालक देतें, त्याचा खरा पालक पुष्कळदां शेजारच्याच ओळींत बसलेला असतो.

मराठी ग्रंथांच्या बाबतींत तर ही फसगत पावलोपावलीं होण्यासारखी आहे. राम गणेश गडकरी यांचेंच उदाहरण घ्या. त्यांचीं नाटकें त्यांच्या स्वतःच्या नांवानें आहेत, कविता 'गोविंदाग्रज' या नांवानें, आणि विनोदी लेख 'बाळकराम' या नांवानें. यंत्र तीन ग्रंथकार निर्माण करील. मग 'एकच प्याला' वाचून भारावलेला एखादा विद्यार्थी गडकऱ्यांचें आणखी कांहीं मिळतें का हें पाहूं लागला, तर 'वाग्वैजयंती' त्याच ग्रंथालयांत असूनही ती त्यास दिसणार नाहीं. कृष्णाजी केशव दामले आणि केशवसुत, विष्णु वामन शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, यांची गत तीच. टोपणनांव हें आमच्या वाङ्मयाचें भूषण असेल, पण सूची करणाऱ्यास तें कांट्यासारखें बोंचतें.

पदव्या व उपपदें यांचा गोंधळ याहून थोडा कमी. 'रेव्ह. ना. वा. टिळक' आणि 'नारायण वामन टिळक' हे एकच, हें मनुष्यास सांगावें लागत नाहीं. यंत्रास सांगावें लागतें. उलट, घाईंत नुसतें 'टिळक' असेंच लिहिलेलें असलें, तर नारायण वामन, लक्ष्मीबाई आणि बाळ गंगाधर या तिघांचीं पुस्तकें एकाच पालकाच्या पदरीं पडतील, आणि 'स्मृतिचित्रें' व 'गीतारहस्य' हीं एकाच लेखणींतून उतरलीं असा नव्या वाचकाचा ग्रह होईल.

एकाचे दोन होतात तसे दोहोंचा एक होण्याचें भय आहे, आणि हें दुसरें भय अधिक वाईट. कारण दोन नोंदी मागाहून एकत्र करतां येतात, पण एकत्र झालेल्या वेगळ्या करावयाच्या तर प्रत्येक पुस्तक हातांत घेऊन पाहावें लागतें. हरि नारायण आपटे व नारायण हरि आपटे हे दोघेही कादंबरीकार. पहिले १८६४ ते १९१९ या काळांतले, 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणारे. दुसरे १८८९ ते १९७१ या काळांतले, ज्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ सालीं 'कुंकू' हा बोलपट निघाला. 'ह. ना.' आणि 'ना. ह.' एवढाच काय तो फरक. यंत्र येथें चुकत नाहीं, तें दोघांस वेगळे ठेवतें. येथें चुकतो तो शहाणा मनुष्य, जो 'आद्याक्षरें उलटीं पडलीं आहेत' असें समजून त्यांस एक करूं जातो.

अक्षरांच्या आंतील भानगडी तर डोळ्यांस दिसतही नाहींत. संगणकांत प्रत्येक अक्षरास युनिकोड या संकेताप्रमाणें एक क्रमांक असतो. 'गोऱ्हे' या आडनांवांतील, किंवा आचार्य अत्र्यांच्या 'कऱ्हेचें पाणी' या नांवांतील आडवा रकार दोन प्रकारांनीं लिहितां येतो. खालीं टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडला तरी तो उमटतो, आणि साधा र घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेविलें तरी तसाच उमटतो. पडद्यावर व कागदावर दोन्हींचें रूप एक. यंत्राच्या दृष्टीनें मात्र तीं दोन निराळीं नांवें. दोन विद्यार्थ्यांनीं दोन निराळ्या कळफलकांवर काम केलें, कीं गोऱ्ह्यांचीं दोन घरें झालींच म्हणून समजावें.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहून जुना आहे. १९६२ सालीं मराठी लेखनाचे नवे नियम मान्य झाले, व १९७२ सालीं त्यांत आणखी भर पडली. उच्चारांत नसलेले अनुस्वार गेले, शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व इकार व उकार दीर्घ झाले. त्यामुळें एकाच कादंबरीच्या जुन्या प्रतीवर 'लक्षांत' व 'हरि' आणि नव्या प्रतीवर 'लक्षात' व 'हरी' असें छापलेलें आढळतें. दोन्ही बरोबरच आहेत. पण एकाच ग्रंथकाराचे त्यामुळें दोन होतात.

एअरटेबल वापरणारांसाठीं आणखी एक इशारा देऊन ठेवतों. त्या साधनांत दोन तक्त्यांस जोडणाऱ्या रकान्यांत नांवें एकदम चिकटविलीं, किंवा साधा मजकुराचा रकाना अशा जोड-रकान्यांत पालटला, तर जें नांव दुसऱ्या तक्त्यांत नसेल त्याची नोंद तें न विचारतां तेथें करून टाकतें. शिवाय स्वल्पविराम दिसला कीं तेथें एक नांव संपलें असें तें समजतें. ग्रंथालयांत तर आडनांव आधीं, मग स्वल्पविराम, मग नांव, हीच लिहिण्याची चाल! 'आपटे, हरि नारायण' असें लिहिलें, कीं 'आपटे' हे एक ग्रंथकार व 'हरि नारायण' हे दुसरे, असे दोन पालक जन्मास येतात, आणि पुस्तक दोघांच्याही नांवें लागतें. यावर उपाय म्हणून नांवाभोंवतीं दुहेरी अवतरणचिन्हें घालावीं, किंवा नांव सरळ क्रमानें लिहावें.

तर मग यंत्राकडून पालक निर्माण करवूंच नयेत काय? असें आमचें म्हणणें नाहीं. पांच हजार पुस्तकांपुढें मनुष्यानें हात टेंकावे आणि वही तशीच धूळ खात पडावी, यापेक्षां यंत्राची मदत घेणें शतपटीनें बरें. फक्त यंत्रानें निर्माण केलेला पालक हा तात्पुरता पालक समजावा. ग्रंथकारांच्या तक्त्यांत एक रकाना वाढवावा, आणि यंत्रानें केलेल्या प्रत्येक नोंदींत 'तपासणें बाकी' असे शब्द आपोआप पडावे, अशी व्यवस्था करावी. ती नोंद कोणत्या पुस्तकामुळें झाली तेंही शेजारीं लिहून ठेवावें. आठवड्यांतून एक दिवस कोणा जाणत्यानें तेवढ्याच नोंदी पाहाव्या. पुस्तक कपाटांतून काढून त्याचें मुखपृष्ठ पाहिलें कीं बहुतेक शंका जागच्या जागीं फिटतात. ज्या फिटणार नाहींत, त्यांसाठीं शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची जवळ असावी. १८०० ते १९३७ या काळांतील मराठी पुस्तकांची ती सूची १९४३ सालीं प्रसिद्ध झाली. संगणकाचें साहाय्य नसतां एवढें काम झालें, हें ध्यानांत आणिलें म्हणजे आमच्या पांच हजारांची फारशी मातबरी वाटत नाहीं.

दुसरी व्यवस्था याहूनही उपयोगाची. ग्रंथकारांच्या तक्त्यास जोडून पर्यायी नांवांचा एक लहान तक्ता करावा. 'गोविंदाग्रज' म्हणजे गडकरी, 'हरी' म्हणजे तेच 'हरि', असा एकदां निर्णय झाला कीं तो तेथें लिहावा. यंत्रानें प्रथम ग्रंथकारांच्या तक्त्यांत पाहावें, मग या पर्यायी नांवांत पाहावें, आणि दोन्हीकडे न सांपडल्यासच नवा पालक करावा. शोधण्यापूर्वीं नांवांतील अधिक जागा, पूर्णविराम व अदृश्य चिन्हें काढून टाकावीं, व आडवा रकार एकाच पद्धतीचा करून घ्यावा. अशा रीतीनें मनुष्यानें एकदां केलेला विचार यंत्राच्या स्मरणांत राहतो, आणि दर आठवड्याचें काम हलकें होत जातें. मात्र ही साफसफाई फार ताणूं नये. सर्व ऱ्हस्व-दीर्घ एक करून टाकावे असा मोह होतो; पण त्यानें दोन खरोखर भिन्न नांवें एक होऊन बसण्याचा संभव आहे.

खोटा पालक सांपडल्यावर तो काढतांना जो क्रम पाळावयाचा, तो नीट ध्यानांत ठेवावा. आधीं त्याचीं सर्व पाल्यें खऱ्या पालकाकडे वळवावीं, मग त्याच्याकडे एकही राहिलें नाहीं हें पाहावें, आणि नंतरच त्याची नोंद पुसावी. ॲक्सेसमध्यें 'पालक पुसला कीं त्याचीं पाल्येंही पुसावीं' अशी एक सोय आहे. ती चालू असतां घाईनें खोटा पालक पुसला, तर त्याबरोबर पुस्तकांच्या नोंदीही जातात. सूचना येते, पण ती न वाचतां 'होय' म्हणणारांची संख्या थोडी नाहीं. एअरटेबलमध्यें पुस्तकें जात नाहींत, गांठ मात्र तुटते, आणि तीं पुन्हां अनाथ होतात.

दोघे जण एकाच वेळीं काम करीत असले, तर आणखी एक चमत्कार घडतो. दोघांच्याही हातीं एकाच नव्या ग्रंथकाराचीं पुस्तकें असतात. दोघांसाठीं यंत्र एकाच क्षणीं शोध करितें. दोन्ही वेळां नांव सांपडत नाहीं. आणि दोन पालक तयार होतात. ॲक्सेसमध्यें एखाद्या रकान्यांत तेंच मूल्य दोनदां येऊं देऊं नये अशी बंदी घालतां येते, ती घालावी. जेथें अशी बंदी घालण्याची सोय नाहीं, तेथें मोठी भरणा एका वेळीं एकानेंच करावी.

हीच रीति शाळेच्या दुसऱ्या नोंदींस लावूं पाहणारांनीं मात्र थोडें थांबावें. विद्यार्थ्यांचा एक तक्ता व त्यांच्या घरच्या पालकांचा दुसरा, अशी मांडणी कित्येक शाळांत असते. तेथें पालक हा शब्द अलंकारिक नसून खराच आहे. थोरलीच्या अर्जावर बापाचें नांव 'दत्तात्रेय' व धाकटीच्या अर्जावर 'दत्तात्रय' असें पडलें, तर सख्ख्या बहिणींचीं दोन घरें होतील आणि दुसऱ्या मुलीस मिळावयाची फीची सवलत कोणाच्या ध्यानांतही येणार नाहीं. उलट, एकाच गांवांत एकाच नांवाचे दोन गृहस्थ असणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाहीं. त्यांची नोंद एक झाली, तर एका मुलाचें प्रगतिपत्रक दुसऱ्याच्या घरीं जाऊन पडेल. ग्रंथकार दोनदां लिहिला गेला तर एक वाचक हिरमुसला होऊन परत जातो. येथें एका कुटुंबाचें नुकसान होतें. म्हणून या तक्त्यांत यंत्रास पालक निर्माण करूं देऊं नये, असें आम्हांस वाटतें. जुळणारें नांव न सांपडल्यास तो अर्ज यंत्रानें एका वेगळ्या यादींत नेऊन ठेवावा. आणि जुळणारें नांव सांपडलें तरी घरचा पत्ता ताडून पाहिल्यावांचून गांठ घालूं नये. ती यादी कार्यालयांतील कारकुनानें रोज सायंकाळीं पाहावी, आणि शंका असेल तेथें मुलास दुसऱ्या दिवशीं बोलावून विचारावें.